नदी, सामग्री आणि शहर : मणिबेलीच्या काठावरून समकालीन आफ्रिकी कलाप्रदर्शनांचे वाचन

प्रस्तावना

समकालीन आफ्रिकी कलेची जी मोठी प्रदर्शने १९८९ नंतर युरोप-अमेरिकेत भरली, त्यांच्या मांडणीत तीन सूत्रे वारंवार आढळतात : निसर्ग, सामग्री आणि शहर. आफ्रिकी कलावंत भूमीशी असलेले जुने नाते सांगतो, टाकून दिलेल्या वस्तूंतून नवी सामग्री घडवतो आणि वेगाने वाढणाऱ्या महानगराचे चित्र उभे करतो, असे या प्रदर्शनांविषयीच्या लेखनाचे सर्वसाधारण स्वरूप असते. प्रस्तुत लेखात या तीन सूत्रांचा विचार नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली या गावाच्या संदर्भात करावयाचा आहे.

वरवर पाहता हा संदर्भ दूरचा वाटेल. मणिबेलीत कलादालन नाही. परंतु निसर्ग, सामग्री आणि शहर हे तीन शब्द परस्परांशी कसे बांधलेले असतात याचा अनुभव या गावाइतका थेट घेतलेली गावे महाराष्ट्रात थोडी आहेत. पाण्याखाली गेलेला काठ हा येथील निसर्ग होय, मोडून वाहून न्याव्या लागलेल्या घराचे खांब-वासे ही येथील सामग्री होय आणि धरणाची वीज व पाणी जेथे पोहोचते ते शहर होय. या तिन्हींतील नाते कार्यकारणाचे आहे. नेमके हेच नाते प्रदर्शनाच्या भिंतीवर बहुधा अदृश्य होते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ज्या कलाकृती हे नाते पुन्हा दृश्य करतात, त्या अधिक मोलाच्या ठरतात, असा निकष येथे पुढे ठेवला आहे.

१. मणिबेली : एक संदर्भबिंदू

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील, नर्मदेच्या दक्षिण काठावरील सातपुड्याच्या उतारावर वसलेले गाव. सरदार सरोवराच्या भिंतीकडून वर येताना महाराष्ट्रातील पहिले गाव हेच. प्रकल्पामुळे बाधित झालेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी पाणी सर्वप्रथम पोहोचले तेही येथेच. १९९० च्या दशकाच्या आरंभी येथे दीर्घकाळ सत्याग्रह चालला. १९९३ च्या पावसाळ्यात घरे बुडिताखाली आली. काठावरचे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर १९९४ मध्ये पाण्यात गेले आणि देवाची नवी स्थापना गुजरातेतील गोरा येथे झाली. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरला.

या घटनाक्रमाला जागतिक बाजूही आहे. जागतिक बँकेने १९८५ मध्ये प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा प्रतिकूल अहवाल १९९२ मध्ये आला आणि १९९३ मध्ये उर्वरित कर्जाचा विषय संपला. १९९४ मध्ये जगभरातील संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारा जो जाहीरनामा काढला, त्याला नाव दिले गेले ते मणिबेलीचे. त्यावर ४४ देशांतील ३२६ संघटनांच्या सह्या होत्या. सातपुड्यातील एका लहानशा पाड्यांच्या गावाचे नाव अशा रीतीने अनेक खंडांतील नदीकाठच्या लोकांचे सामाईक नाव झाले. आफ्रिकेचा विचार मणिबेलीवरून करण्यास हा एक ठोस आधार आहे.

दुसरा आधार इतिहासाच्या साम्याचा आहे. घानातील व्होल्टा नदीवरील अकोसोम्बो धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले आणि सुमारे ८०,००० लोकांना घरे सोडावी लागली. झांबेझीवरील करिबा धरणाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस टोंगा समाजाच्या सुमारे ५७,००० लोकांना उठवले. नाईलवरील अस्वानच्या उंच धरणामुळे इजिप्त व सुदानमधील मिळून सुमारे एक लाख नुबियन लोक विस्थापित झाले. अस्वानच्या वेळी अबू सिम्बेलची दगडी मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून उंचावर नेली गेली. डेंडुरचे मंदिर तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोहोचले आणि १९७८ मध्ये तेथे प्रेक्षकांसाठी खुले झाले. परंतु नुबियन घरांच्या मातीच्या भिंतींवरील रंगीत नक्षी कोणी कापून नेली नाही. तिचा शोध मॅरियन वेंझेल यांच्या १९७२ च्या पुस्तकात घ्यावा लागतो. देऊळ हलते आणि भिंत बुडते, हा क्रम नाईलच्या काठी जसा दिसला तसाच शूलपाणेश्वराच्या बाबतीत नर्मदेच्या काठीही दिसला. काय वाचवण्याजोगे आणि काय बुडू देण्याजोगे, याचा निर्णय कलेच्या इतिहासालाही स्पर्श करतो, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

२. ‘शहर आणि भूमी’ : प्रदर्शनांची मांडणी

सायमन न्जामी यांनी संकल्पिलेले ‘आफ्रिका रीमिक्स’ हे प्रदर्शन २००४ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे सुरू झाले. त्यानंतर लंडन, पॅरिस, टोकियो, स्टॉकहोम असा प्रवास करीत ते २००७ मध्ये जोहान्सबर्गला पोहोचले. त्याच्या तीन विभागांपैकी एकाचे नाव ‘शहर आणि भूमी’ असे होते. हे शीर्षक विचार करण्यासारखे आहे. ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय दोन पदे जोडते, पण त्यांच्यातील नाते सांगत नाही. शहर भूमीतून काय घेते आणि भूमीला काय परत करते, या प्रश्नाचे उत्तर ‘आणि’ या शब्दात नाही. ते शोधण्याचे काम एकेका कलाकृतीवर येऊन पडते.

शहराच्या बाजूने पाहता २००१ चे लंडनच्या टेट मॉडर्नमधील ‘सेंच्युरी सिटी’ हे प्रदर्शन मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. त्यात जगातील नऊ शहरांचे नऊ कालखंड निवडले होते. ओकवी एन्वेझोर व ओलू ओग्विबे यांनी १९५५ ते १९७० या काळातील लागोस मांडले, तर गीता कपूर व आशिष राजाध्यक्ष यांनी १९९२ ते २००१ या काळातील मुंबई मांडली. अतुल दोडिया यांची दुकानाच्या लोखंडी शटरवर रंगवलेली चित्रे याच प्रदर्शनात होती. शटर खाली ओढले की एक चित्र आणि वर सारले की दुसरे, ही त्यांची योजना दंगलीनंतरच्या मुंबईची भीती आणि दैनंदिनता एकाच वस्तूत पकडते. शहराच्या सामग्रीतूनच शहराविषयी बोलण्याचा हा उत्तम नमुना होय.

परंतु मणिबेलीवरून पाहणाऱ्याला येथे एक वेगळी नोंद करावीशी वाटेल. मुंबईच्या कथनासाठी निवडलेली १९९२ ही आरंभरेषा आणि मणिबेलीच्या बुडिताची आरंभरेषा जवळजवळ एकच आहे. १९९२ ते १९९४ ही वर्षे मुंबईत दंगल, स्फोट आणि खुल्या बाजाराचा आरंभ यांची वर्षे होती, तर सातपुड्यात ती पाणी चढण्याची वर्षे होती. लवादाच्या वाटपानुसार सरदार सरोवरातून निर्माण होणाऱ्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. म्हणजे महाराष्ट्रातील शहरी जीवनाचा एक धागा थेट या बुडिताशी जोडलेला आहे. शहराचे प्रदर्शन शहराच्या हद्दीत थांबते तेव्हा हा धागा तुटतो. हा दोष एका प्रदर्शनाचा म्हणता येणार नाही. ‘शहर’ या विषयाची जी कक्षा कलाजगताने आखून घेतली आहे, तिचा तो दोष आहे.

३. सामग्रीमागची वाट : अनात्सुई आणि हाझूमे

आफ्रिकी कलेतील सामग्रीची चर्चा एल अनात्सुई यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. त्यांचा जन्म १९४४ मध्ये घानाच्या व्होल्टा विभागातील अन्याको येथे झाला आणि १९७५ पासून त्यांनी नायजेरियातील एन्सुक्का विद्यापीठात अध्यापन केले. मद्याच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणे चेपून, दुमडून, तांब्याच्या तारेने एकमेकांस जोडून ते प्रचंड आकाराचे पट तयार करतात. ‘आफ्रिका रीमिक्स’मध्ये त्यांचा ‘सासा’ (२००४) हा पट होता. २००७ मध्ये व्हेनिसच्या फोर्तुनी वाड्याच्या दर्शनी भिंतीवर त्यांची कलाकृती लटकली आणि २०१५ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिकीने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला.

या पटांचे सौंदर्य वादातीत आहे. धातू असूनही ते वस्त्रासारखे पडतात, घड्या घेतात, प्रकाशात सोन्यासारखे झळकतात. घानातील केंटे वस्त्राची आठवण त्यांत आहे. मद्य हे युरोप, आफ्रिका आणि अमेरिका यांच्यातील व्यापाराचे, गुलामांच्या व्यापाराचेही, एक चलन होते, ही जाणीव झाकणाच्या निवडीमागे आहे. सातपुड्यातील वाचकाला हा अर्थ समजून घेण्यास फार प्रयास पडणार नाहीत. इंग्रजी अबकारी धोरणाने मोहाच्या घरगुती दारूवर बंदी आणून परवान्याची दारू आदिवासी पाड्यांत आणली, आणि त्यातून आलेल्या कर्जबाजारीपणाविरुद्ध जनजागृती उभी राहिली. १९२२-२३ ची दक्षिण गुजरातेतील देवीची चळवळ आणि १९३७-३८ मधील तळोदे परिसरातील गुलाम महाराजांची आप चळवळ या दोन्हींच्या मुळाशी दारूचा प्रश्न होता. बाटलीचे झाकण ही क्षुल्लक वस्तू नव्हे, तिच्यात सत्तेचा इतिहास साठलेला असतो, हे या भागातील माणसाला सांगावे लागत नाही.

मात्र झाकणाचा आणखी एक इतिहास आहे व तो ॲल्युमिनियमचा आहे. या धातूच्या शुद्धीकरणाला अतोनात वीज लागते. अकोसोम्बो धरणाच्या उभारणीमागील प्रमुख प्रेरणा टेमा येथील ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवण्याची होती आणि आरंभीच्या दशकांत धरणाच्या विजेचा मोठा भाग त्याच कारखान्याने वापरला. ज्या विभागाच्या नावात व्होल्टा आहे त्या विभागात जन्मलेला कलावंत ॲल्युमिनियमच्या चकत्या जोडत आहे, ही गोष्ट म्हणून निव्वळ योगायोगाच्या खाती टाकता येत नाही. एन्सुक्कामध्ये गोळा केलेली झाकणे टेमाच्याच धातूची आहेत असा दावा येथे करावयाचा नाही. मुद्दा इतकाच की या धातूच्या प्रत्येक पातळ पत्र्यामागे कोठली तरी वीज असते आणि त्या विजेमागे अनेकदा कोणती तरी अडवलेली नदी असते. प्रदर्शनाच्या पाटीवर ‘ॲल्युमिनियम व तांब्याची तार’ एवढेच लिहिलेले असते. नदी त्या पाटीवर येत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये अनात्सुई यांचे ‘बिहाइंड द रेड मून’ हे भव्य काम मांडले गेले. ही इमारत मूळची वीजकेंद्राची आणि हे दालन मूळचे जनित्रांचे. जहाजाच्या शिडासारखा लाल पट तेथे छताखाली लटकत होता आणि समुद्रमार्गे झालेल्या गुलामांच्या वाहतुकीचे स्मरण देत होता. वीजनिर्मितीच्या जागेत, विजेने घडलेल्या धातूतून, व्यापाराच्या इतिहासाविषयी बोलणारी ही कलाकृती समुद्राविषयी खूप काही सांगते, परंतु नदीविषयी मौन पाळते. हे मौन कलावंताचा दोष मानण्यापेक्षा समीक्षेची उणीव मानणे योग्य होईल. कलाकृतीत शक्यता आहे, ती वाचली गेली नाही.

याच्या उलट उदाहरण बेनिनचे कलावंत रोमुआल्ड हाझूमे यांचे आहे. पेट्रोल वाहण्याच्या प्लास्टिकच्या कॅनमधून ते मुखवटे घडवतात. कॅनची मूठ नाक होते, तोंड तोंडच राहते. ‘ला बूश द्यु र्‍वा’ (१९९७ ते २००५) या रचनेत त्यांनी असे ३०४ मुखवटे एका जुन्या गुलामवाहू जहाजाच्या आकृतीत जमिनीवर मांडले. ब्रिटिश संग्रहालयाने २००७ मध्ये ती प्रदर्शित केली. रचनेसोबत वास आहे, आवाज आहे आणि नायजेरियातून चोरटे पेट्रोल दुचाकीवर लादून आणणाऱ्या तरुणांचे चित्रणही आहे. येथे सामग्री ज्या वाटेने आली ती वाट कलाकृतीतच दाखवली आहे. प्रेक्षक मुखवट्याचे कौतुक करून पुढे सरकू शकत नाही, कारण त्या कॅनच्या भाराखाली वाकलेला माणूस त्याच दालनात उपस्थित आहे. प्रस्तुत लेखाच्या निकषावर ही रचना अनात्सुई यांच्या पटांपेक्षा कमी देखणी, परंतु अधिक बोलकी ठरते.

४. कागदाचे शहर आणि पत्र्याची वस्ती

काँगोचे बॉडिस इसेक किंगेलेझ (१९४८-२०१५) यांनी कागद, पुठ्ठा आणि प्लास्टिक यांतून अतिशय रेखीव, रंगीत नगरे उभारली. १९८९ च्या पॅरिस प्रदर्शनातून ते जगापुढे आले आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यांच्या नगरांपैकी ‘किम्बेम्बेले इहुंगा’ (१९९४) हे विशेष लक्षणीय आहे, कारण ते त्यांच्या जन्मगावाचे नाव आहे. शेतीवाडीच्या खेड्याला त्यांनी उंच मनोऱ्यांचे, रुंद रस्त्यांचे, झळाळत्या इमारतींचे नगर बनवले. काहींना ही निरागस स्वप्नरंजनाची कला वाटते. परंतु खेडे सोडून किन्शासाला आलेला माणूस आपल्या खेड्यालाच शहर करून परत पाहतो, यात विस्थापनाचा एक खोल अनुभव आहे. गाव मागे राहिले या अपराधभावनेला त्याने गावाच्या भव्यतेने दिलेले हे उत्तर होय.

मुंबईत काम केलेल्या हेमा उपाध्याय (१९७२-२०१५) यांची ‘ड्रीम अ विश, विश अ ड्रीम’ (२००६) ही रचना याच्या शेजारी ठेवून पाहावी. मोटारींचे भंगार, ॲल्युमिनियमचे पत्रे, रंग, प्लास्टिक आणि सापडलेल्या वस्तू यांतून त्यांनी धारावीसारख्या दाट वस्तीचे विहंगम दृश्य साकारले. किंगेलेझ यांच्या नगरात मोकळी जागा विपुल आहे, उपाध्याय यांच्या वस्तीत ती जवळजवळ नाही. एकाने शहराचे वचन दाखवले, दुसरीने त्या वचनाची किंमत दाखवली. दोघांच्याही रचनांत माणूस मात्र दिसत नाही. प्रेक्षक वरून पाहतो, धरणाच्या आराखड्यावर अभियंता जसे पाहतो तसेच. वरून पाहण्याची ही नजर या दोन्ही कलाकृतींची मर्यादा आहे. उपाध्याय यांच्या रचनेत ही मर्यादा काही अंशी भरून निघते, कारण धारावी हे स्वतःच भंगार वितळवण्याचे, ॲल्युमिनियमच्या पुनर्वापराचे केंद्र आहे. वस्ती ज्या पत्र्याची बनली आहे तोच पत्रा त्या वस्तीतील कामगार हाताळतात. सामग्री आणि श्रम यांचे नाते येथे आपोआप प्रकट होते.

५. भिंत, कागद आणि मातीचे वर्तुळ

निसर्गाचे सूत्र तपासताना महाराष्ट्राचे एक उदाहरण थेट हाती येते. १९८९ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये ज्याँ-ह्युबेर मार्ताँ यांनी भरवलेल्या ‘मॅजिसिआँ द ला तेर’, म्हणजे ‘पृथ्वीचे जादूगार’, या प्रदर्शनात सुमारे शंभर कलावंत होते व त्यांतील निम्मे युरोप-अमेरिकेबाहेरचे होते. किंगेलेझ, चेरी साम्बा, एस्थर माहलांगू हे आफ्रिकी कलावंत तेथे होते, तसेच डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे हेही होते. त्याच प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातील युएन्दुमूच्या आदिवासी कलावंतांनी जमिनीवर केलेले मातीचे चित्र होते आणि त्याच्यामागच्या भिंतीवर इंग्लिश कलावंत रिचर्ड लाँग यांचे चिखलाचे भव्य वर्तुळ होते. जमिनीवरचे सामूहिक, विधीशी निगडित काम खाली आणि एका नामवंत व्यक्तीचे वर्तुळ वर, ही मांडणी त्या काळी पुष्कळ वादाचा विषय झाली.

२००३ मध्ये लाँग आणि म्हसे यांचे संयुक्त प्रदर्शन ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पॅलास्ट संग्रहालयात भरले. मार्ताँ तेव्हा त्या संग्रहालयाचे संचालक होते आणि पुढच्याच वर्षी ‘आफ्रिका रीमिक्स’चा प्रारंभही तेथूनच झाला. म्हणजे वारली आणि आफ्रिकी कला एकाच दारातून युरोपात शिरल्या असे म्हणता येते. या दारावर ‘पृथ्वी’ हा शब्द लिहिलेला होता. लाँग पृथ्वीवरून चालतात आणि दगड-माती मांडतात. म्हसे गेरू आणि शेणाने सारवलेल्या पृष्ठावर तांदळाच्या पिठाने रेघा ओढत. दोघांचीही सामग्री माती असली तरी तिच्याशी असलेले नाते सारखे नाही. लाँग यांच्यासाठी ती निवडलेली सामग्री आहे, तर म्हसे यांच्यासाठी ती घराची भिंत, शेताची जमीन आणि लग्नाचा चौक होती. एकाच दालनात दोघांना समोरासमोर ठेवले की ‘निसर्ग’ हा समान भाजक सापडतो, पण डहाणूच्या जंगलाचे, जमिनीच्या हक्कांचे, मुंबईच्या सान्निध्याचे प्रश्न त्या भाजकातून निसटतात.

येथे एक प्रतिवाद विचारात घ्यावा लागेल. स्थळापासून सुटणे ही कलेसाठी केवळ हानीच असते काय? तसे म्हणता येत नाही. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे होते. कागदावर आल्यानंतर पुरुषही चित्रकार झाले आणि म्हसे यांच्या मासेमारीच्या जाळ्यासारख्या विषयांना विस्तार मिळाला. भिल्ल समाजात याच्या उलट घडले. पिठोऱ्याच्या भित्तिचित्राचा विधी पुरुषांच्या हाती होता. झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावच्या भूरीबाई भोपाळमध्ये भारत भवनच्या बांधकामावर मजूर म्हणून आल्या. १९८२ मध्ये उघडलेल्या त्या संस्थेचे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद व रंग दिले आणि एका स्त्रीला विधीच्या भिंतीबाहेर स्वतःची भाषा सापडली. त्यांच्या चित्रांत झाडे, जनावरे, घरे यांच्याबरोबर बस आणि विमानही येते. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

भूरीबाईंचे उदाहरण मणिबेलीच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे आहे. नर्मदेच्या दोन्ही तीरांवरील भिल्ल समाजाचे नाते जुने आहे, हे एक. दुसरे असे की त्यांच्या कलेची सुरुवात निसर्गाच्या कुशीत झाली नाही, ती शहरातील बांधकामाच्या मजुरीवर झाली. भिल्ल चित्र म्हणजे वनजीवनाचे चित्र हा समज त्यामुळे ढासळतो. त्यांच्या चित्रातील विमान हे परंपरेवरचे ठिगळ मानण्याचे कारण नाही. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या माणसाच्या अनुभवविश्वात विमान आणि मोर एकत्रच असतात. येथे मोकळीक आणि स्थलांतर एकाच कागदावर उमटले आहेत. म्हणून स्थळापासून सुटणे वाईट, असा सरधोपट निष्कर्ष काढता येत नाही. सुटल्याची खूण पुसली जाणे मात्र निश्चित वाईट. भूरीबाईंची बस ही खूण जपते, ‘पृथ्वीचे जादूगार’ हे शीर्षक ती पुसते.

६. धरणाच्या खालच्या अंगाला

मणिबेलीच्या परिसरात सामग्रीचा प्रश्न आज सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा आहे तो धरणाच्या खालच्या अंगाला. तेथे साधू बेटावर १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा असून त्याचे लोकार्पण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. त्याचे शिल्पकार राम सुतार हे मूळचे धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा होईपर्यंत गोंदूर आणि मणिबेली एकाच जिल्ह्यात होते. खान्देशातील एका सुताराच्या घरातील मुलाने जगातील सर्वांत उंच पुतळा घडवावा, ही अभिमानाचीच गोष्ट होय. चेहऱ्याची सौम्यता, उपरण्याच्या घड्या, उभे राहण्याचा साधेपणा यांत सुतारांचा हात ओळखू येतो.

तथापि सामग्रीच्या निकषावर पाहता या शिल्पातून एक विसंगती पुढे येते. पुतळ्यासाठी देशभरातील खेड्यांतून शेतीची जुनी लोखंडी अवजारे गोळा करण्याची मोहीम निघाली होती. शेतकऱ्यांच्या नेत्याचे शिल्प शेतकऱ्यांच्या लोखंडातून, ही कल्पना अर्थपूर्ण होती. प्रत्यक्षात शिल्पाला रूप देणारे बाह्य आवरण कांस्याचे आहे आणि त्याचे पत्रे चीनमधील ओतशाळेत तयार झाले. नांगराच्या फाळाची कथा अशा रीतीने कथेच्याच पातळीवर राहिली. हाझूमे यांच्या कॅनमध्ये वाट दिसते, या कांस्यात ती दिसत नाही. पुतळ्याच्या छातीच्या उंचीवरील सज्जातून धरण आणि नर्मदेचे पात्र दिसते. भिंतीपलीकडे महाराष्ट्राचे पहिले गाव कोठे होते, हे त्या दृश्यातून आपोआप कळत नाही. ते सांगावे लागते, आणि सांगण्याचे हे काम कलेचे व समीक्षेचे आहे.

मणिबेलीचे सांगणे पूर्णतः अनुत्तरित राहिले असेही नाही. आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांचा ‘नर्मदा डायरी’ (१९९५) हा माहितीपट या काठावरील बुडिताच्या वर्षांची साक्ष देतो. त्यात गाव, पाणी, पोलीस, मोर्चा आणि होळीचा नाच एकाच काळात, एकाच जागी दिसतात. मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू बांधलेला नाचणारा तरुण इतरत्र ‘आदिवासी संस्कृती’चे चित्र म्हणून छापला जातो. येथे तो कोणत्या काठावर नाचत आहे आणि तो काठ किती दिवस राहणार आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्या ज्ञानानेच नाचाचा अर्थ बदलतो.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की निसर्ग, सामग्री आणि शहर ही तीन स्वतंत्र सूत्रे नसून एकाच प्रक्रियेची तीन स्थाने आहेत, आणि मणिबेली व अकोसोम्बो येथील इतिहास हे दाखवून देतो. दुसरा असा की समकालीन आफ्रिकी कलेच्या प्रदर्शनांनी या सूत्रांना जगभर प्रतिष्ठा दिली, तरी त्यांच्यातील कार्यकारणसंबंध बहुधा पाटीबाहेर ठेवला. तिसरा असा की हाझूमे यांची रचना, भूरीबाईंची चित्रे आणि ‘नर्मदा डायरी’ यांसारखी कामे हा संबंध कलाकृतीच्या आत आणतात, म्हणून त्यांचे मोल केवळ दृश्यसौंदर्याने ठरत नाही.

या निष्कर्षांचा संबंध महाविद्यालयांशीही आहे. स्नेहसंमेलनात किंवा आदिवासी दिनानिमित्त अनेक महाविद्यालयांत टोपल्या, कणग्या, तीरकामठे, बासऱ्या, पावऱ्या मांडल्या जातात. त्यांवर ‘बांबूची टोपली’ किंवा ‘आदिवासी वाद्य’ एवढीच पाटी असते. ड्युसेलडॉर्फ आणि लंडन येथील पाट्यांची जी उणीव वर दाखवली, तीच येथेही आढळते, आणि येथे ती दूर करणे अधिक सोपे आहे. टोपली विणणाऱ्याची संमती असल्यास त्याचे नाव, त्याचा पाडा, बांबू कोणत्या डोंगरावरचा, तो डोंगर आज कोणाच्या ताब्यात आहे, वस्तू वापरणारे कुटुंब आता कोठे राहते आणि मूळचे घर पाण्याखाली आहे काय, एवढे त्या पाटीवर लिहिता येते. विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण पुनर्वसन वसाहतींतून आलेले असतात व ही उत्तरे त्यांच्या घरीच मिळू शकतात.

अशी पाटी लिहिली गेली तर मणिबेलीची एक साधी टोपली आणि व्होल्टाकाठच्या कलावंताचा धातूचा पट एकाच प्रश्नाच्या दोन बाजू म्हणून वाचता येतील. तो प्रश्न असा की ही वस्तू येथपर्यंत पोहोचावी म्हणून कोणती नदी थांबवली गेली आणि तिच्या काठावर कोण राहत होते. आफ्रिकी कलेच्या अभ्यासातून नंदुरबारच्या अभ्यासकाला मिळणारी सर्वांत उपयुक्त गोष्ट हा प्रश्न होय, आणि मणिबेलीच्या अनुभवातून आफ्रिकी कलेच्या समीक्षेला देता येण्यासारखी गोष्टही हीच आहे.